सर्व्हरला कुंकू

आमच्या स्टुडिओतला सर्व्हर पहिल्यांदा बघणारा माणूस तेला छोटा फ्रीज समजतो. एका पाव्हण्यानं तर पाण्याची बाटली गार व्हायला तेच्यावर ठिवली हुती. काळा डबा, पुढं एकाखाली एक चार खण, दर खणात एक डिस्क आणि दर डिस्कचा एक हिरवा दिवा. तासगावात आणि आजूबाजूला आमी जेवढी लग्नं शूट केली ती सगळी ह्या डब्यात. कुणाची हळद, कुणाची वरात, कुणाच्या मामाचं रुसणं.

स्टुडिओ दादांचा, म्हंजे माझ्या मालकांचा; मागंच तेंचं घर. मी तिथं शूटिंग करतो, एडिटिंग करतो, आणि बारावीनंतर सांगलीत हार्डवेअरचा कोर्स केलाय म्हणून वायरींना हात लावायचा मान पण माझाच. पण गावात मला त्यासाठी कुणी ओळखत न्हाई. गावात मी नकलाकार. बेदाण्याच्या सौद्यात भाव पुकारणारा अडत्या, शाळंतले पीटीचे सर, लग्नात माईक न सोडणारा पाव्हणा, सगळे माझ्या गळ्यात ऱ्हायला हायत. दादांचा आवाज तर असा काढतो की वहिनी आतनं चहा टाकत्यात, आणि कप घिऊन भाईर आल्यावर मला बघून तसाच परत आत नेत्यात.

घरात माझ्या नकलांचं गिऱ्हाईक म्हंजे तात्या, माझे वडील. एसटीत वाहतूक नियंत्रक. डेपोत स्पीकरवर गाड्या पुकारायच्या, फलाटावर लावून घ्यायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरला येळंची आठवण करून द्यायची. माणूस हसत न्हाई. आई म्हणती, ह्यांच्या लग्नाच्या फोटोत पण हे गाडी लेट झाल्यासारखे उभे हायत.

आणि हेच तात्या माझ्या ताईच्या वरातीत नाचले.

कॅमेरा माझ्याच खांद्यावर हुता म्हणून सांगतो. म्होरं पोरं, मागं बेंजो पार्टीचा टेम्पो. कुणीतरी तात्यांना हाताला धरून मधी वढलं. मला वाटलं, आता कुणाच्या तरी मुस्काटात बसणार. तर तात्या उभे ऱ्हायले, टोपी नीट केली आणि उजवा हात वर करून नाचाय लागले. नाच म्हंजे काय, सारी नोकरी जे केलं तेच. डेपोत गाडी मागं घेताना हातानं खूण करत्यात ना, येऊ दे, येऊ दे, बास, तीच खूण. पण तालावर. कंबरंसकट.

टेम्पोच्या ड्रायव्हरला वाटलं, हा जाणता माणूस खरंच सांगतोय. तेनं गाडी रिव्हर्समधी टाकली. मागच्या बायका बाजूला पळाल्या, बेंजोवाला एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं वाजवतोय, आणि तात्या आपले, येऊ दे, येऊ दे.

दुसऱ्या दिवशी सासरी निघायच्या आधी ताई म्हणली, "तात्या, नाचला की ओ तुमी."

"कोण नाचलं? ट्रॅफिक काढत हुतो मी. मागं एसटी अडाकली हुती."

"कंबरंनं ट्रॅफिक काढत्यात व्हय?"

"तुझ्या सासरच्यांना निघायचं हाय. आवर."

ताईला दिली साताऱ्याला. तिथं तिनं तात्यांच्या नाचाची गोष्ट सांगितली तर कुणाचा इश्वास बसंना. सासरची मंडळी वरातीत मागं गाडीत बसली हुती, तेंना फक्त टेम्पो उलटा येताना दिसला. सासऱ्यांचं म्हणणं, ड्रायव्हर पिलेला असणार. आणि तुझे वडील म्हंजे शिस्तीचा माणूस, तेंच्यावर असलं काय घालू नको. ताईचा जीव त्या व्हिडिओत अडकला तो तवापासनं. दर आठवड्याला फोन.

"माझा व्हिडिओ?"

"गिऱ्हाइकांचं आधी असतंय ताई. तू घरची."

"तुझ्या गिऱ्हाइकांची बारशी झाली, अजून मी लायनीत. हे बघ, पहिला दिवाळसण हाय. आमी सगळे येणार, सासू-सासरे पण. टीव्हीवर तात्या नाचताना दिसले न्हाईत, तर भाऊबीजंला तुला ओवाळणार न्हाई. ताट घिऊन शेजारच्या पोराला ओवाळीन."

ती बोललेलं करती. मी घटस्थापना झाल्या झाल्या एडिटला बसलो. पहिली क्लिप उघडली आणि सर्व्हर म्हणला, जागा न्हाई. सगळी पट्टी लाल. दादांना बोलावून दाखवलं.

"मग पुसून टाक की जुनं कायतरी."

"कुणाचं लग्न पुसू, सांगा."

दादांनी लाल पट्टीवर बोट फिरवलं. मग म्हणले, "वाढवता येतंय का?"

येत हुतं. चारी डिस्क काढून दुप्पट जागंच्या बसवायच्या. पण एका दमात न्हाई. एक काढायची, नवी बसवायची, थांबायचं. मग दुसरी. दादांना समजंना, म्हणून मी तेंना आमच्या भजनी मंडळाचं उदाहरण दिलं. चौघंजण म्हणणारे हायत. चार डिस्कांच्या ह्या जोडणीला रेड म्हणत्यात. रेड म्हंजे काय, तर परत्येकाला आपलं कडवं तर येतंच, पण वर दुसऱ्यांचं थोडं थोडं असं पाठ हाय की एकजण गावाला गेला तरी तिघं मिळून तेचं कडवं जुळवत्यात. आता म्हाताऱ्याच्या जागी नवीन पोरगा बसवला, तर ते तिघं गाऊन गाऊन तेला सगळं शिकवत्यात. पोरगं शिकलं की दुसऱ्या म्हाताऱ्याला सुट्टी. असं करत चारी नवीन झाले की मंडळ तेच, पण दम दुप्पट.

"आणि पोरगं शिकत असताना दुसरा कोण उठून गेला तर?"

"तर भजन संपलं. कायमचं."

"मग दुसरीकडं उतरवून घे आधी सगळं."

घेतलं की. भाईरच्या डिस्कवर गिऱ्हाइकांचं न दिलेलं सगळं शूटिंग उतरवलं, आणि ती डिस्क पण भरली. ऱ्हायलं काय, तर ज्यांना पूर्वीच व्हिडिओ दिलेत ती जुनी लग्नं, आणि आमच्या ताईचं. घरचं म्हणून सगळ्यात शेवटी धरलेलं. म्हंजे तात्यांचा नाच आता जगात एकाच जागी हुता, आणि त्याच जागेच्या डिस्का मी एक एक उपसणार हुतो.

तासगावात तीन नव्या डिस्क मिळाल्या. पहिली बसवली. सर्व्हर टीं टीं वरडला, दिवा नारंगी झाला, शिकवणी सुरू. दादांचे वडील, आबा, रोज खुर्ची घिऊन समोर बसायचे. हा स्टुडिओ मुळात आबांनी काढलेला, रोलच्या काळात. खण कसा उघडतो, खटका दाबला की डिस्क तिच्या ट्रे-सकट कशी हातात येती, सगळं तेंनी मन लावून बघितलं. मला बरं वाटलं. वाटायला नको हुतं.

तिसरी नवी डिस्क बसवली, आणि तिची शिकवणी चालू असतानाच दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. चौथी मिळत हुती कऱ्हाडात. दादा म्हणले, चल जाऊन येऊ, आबा पूजा संध्याकाळी करणार हायत. खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या हत्यारांना हळद-कुंकू लागतं. शेतकरी विळा-खुरपं मांडतो, गॅरेजवाला पाने मांडतो, आमी कॅमेरे मांडतो. सर्व्हरला लांबनंच फूल वाहायचं असं माझं दादांशी ठरलं हुतं. आबांना सांगायचं दादांनी माझ्यावर सोडलं, आणि मी दादांवर.

कऱ्हाडात डिस्क घेतली. स्टँडजवळ चहा पीत हुतो. दादांचा मोबाईल बंद पडलेला. मी आपला सवयीनं स्टेटस बघतोय, तर वहिनींचं स्टेटस. पाटावर कॅमेरे, ट्रायपॉड, लेन्सा, सगळ्यांना कुंकू, झेंडूची फुलं. कडंला आबांचा अर्धा हात दिसत हुता, आणि तो हात सर्व्हरकडं चाललेला.

मी फोटो दादांपुढं धरला. दादांनी माझाच फोन हिसकावला आणि आबांना लावला.

इथं एक सांगाय पायजे. उन्हाळ्यात मी दादांच्या आवाजात आबांना फोन केला हुता, की टीव्हीवाले मुलाखत घ्यायला येणार हायत, कोट घालून बसा. आबा लोकरीचा कोट घालून दुपारपतोर पंख्याखाली बसले हुते. तवापासनं तेंनी मनाशी ठरवलेलं, परत ह्या पोराला सापडायचं न्हाई.

"आबा, मी बोलतोय. सर्व्हरला हात लावू नका."

"कोण मी?" स्पीकर चालू हुता, मला सगळं ऐकू येत हुतं.

"आवं मी. तुमचा पोरगा."

"लबाडा, नंबर दिसतोय की मला तुझा."

"माझा फोन बंद पडलाय, म्हणून ह्याच्या फोनवरनं लावलाय."

"बरं बरं. कोट घालू का मग?"

दादांनी माझ्याकडं जे बघितलं ते मी अजून नकलेत घेतलेलं न्हाई. मी फोन घेतला. "आबा, आईशप्पथ, दादाच हायत. ऐका तेंचं."

"आता तुझ्याच आवाजात आलास व्हय. दमलास वाटतं. ठिव, पूजेची येळ झाली."

परत लावला तर उचलंनात. वहिनींना लावला तर तेंचा पण तसाच वाजतोय. नंतर कळलं, स्टेटस टाकून झाल्यावर वहिनींचा मोबाईल पण पाटावर पूजेला ठिवला हुता. कुंकू लावलेला, वाजणारा, पण पूजा हुईपतोर कुणी हात न लावणारा.

येताना दादांनी गाडी पळवली. पलूसच्या अलीकडं शेळ्या आडव्या आल्या तवा एवढंच म्हणले, "ह्यांना काढ तुझ्या तात्यांच्या आवाजात." मी काढल्या. हसलं कुणी न्हाई, पण शेळ्या गेल्या.

स्टुडिओत पोचलो तर उदबत्तीचा घमघमाट. सर्व्हर दाराशी पुसून ठिवलेला, चारी खण रिकामे, गळ्यात झेंडूची माळ. पाटावर चारी डिस्का ट्रे-सकट शेजारी शेजारी, परत्येकीवर कुंकवाचं बोट, परत्येकीवर एक फूल. आणि खाली, बाजूच्या रांगंत, मी आधी काढून ठिवलेल्या तीन जुन्या डिस्का. तेंना पण कुंकू.

"ह्या कशाला मांडल्या आबा?"

"रिटायर झाल्या म्हणून मान द्यायचा न्हाई व्हय?" आबांनी दादांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "का, दोघं खरंच संगं हुता व्हय? मग फोनवर कोण हुतं?"

"मीच हुतो," दादा म्हणले.

"मग तुझा आवाज ह्याच्यासारखा का येतोय?"

मी पाटापुढं उकिडवा बसलो. "आबा, सर्व्हर बंद कसा केला? भिंतीवरचं बटण दाबलं का वायर वढली?"

आबांना राग आला. "मला काय येडा समजतोस? चालत्या हत्याराला कुंकू लावत्यात व्हय? तेच्या तेच्या बटणानं निजवायचं असतंय. पुढचं बटण एकदा दाबलं, हात जोडून बसलो. बराच येळ घरघरलं. मग दिवे गेले, पंखा थांबला. थांबल्यावर हात लावला."

मी तेंच्या पाया पडलो. नवमी हाय म्हणून पडलो असं तेंना वाटलं, तेंनी आशीर्वाद दिला. ते पुढचं बटण एकदा दाबलं की सर्व्हर आपणहून हातातलं काम जिथल्या तिथं लिहून ठिवतो आणि मग झोपतो. वायर वढली असती तर शिकणारं पोरगं अर्ध्या कडव्यात गेलं असतं.

पण दोन घोर ऱ्हायले हुते. एक, कुठली डिस्क कुठल्या खणातली, ते आबांना आठवत नव्हतं. डब्याच्या माहितीत लिहिलं हुतं की दर डिस्कवर तिचा नंबर असतो, खण चुकला तरी डबा तिला वळखतो. वाचलं हुतं, करून बघितलं नव्हतं. दुसरा घोर मोठा. चौथी डिस्क अजून जुनीच हुती. वर्षानुवर्षं न थांबता फिरलेली. असली डिस्क एकदा थांबली की परत फिरंलच असं न्हाई. आणि ती फिरली न्हाई, तर ताईचं लग्न फक्त कुंकवाला ऱ्हायलं.

"आबा, लावतो परत," मी म्हणलो.

"आज न्हाई. पूजा झाली. आता हत्यारं निजल्यात. उद्या दसऱ्याला उठवायची."

मी विनवलं. माझ्या आवाजात विनवलं, दादांच्या आवाजात विनवलं, वहिनींच्या आवाजात पण विनवून बघितलं. खरे दादा पण म्हणले, "आबा, लय नड हाय ओ." आबा हलले न्हाईत. पाटापुढं चटई टाकून तिथंच आडवे झाले.

रात्री ताईचा फोन. "काय चाललंय माझ्या व्हिडिओचं?"

"झोपलाय."

"काय?"

"कुंकू लावून झोपलाय. उद्या उठंल बहुतेक."

"नकला पुरे," म्हणली आणि ठिवला. खरं बोललं की माझ्यावर कुणी इश्वास ठिवत न्हाई, ही आमच्याकडची पद्धतच पडलीया.

दसऱ्याच्या सकाळी आबांनी पैल्यांदा सर्व्हरवर आपट्याचं पान ठिवलं, मग आमच्या हातात दिलं. मी लेन्स साफ करायच्या फुंकणीनं दर डिस्कचं कुंकू उडवलं. सगळं न्हाई निघालं, ट्रेच्या कोपऱ्यात बसलं ते अजून हाय. चारी डिस्का आल्या तशा सरकवल्या. खटक, खटक, खटक, खटक. बटण दाबलं.

पंखा फिरला. तीन नव्या डिस्कांचा आवाज वळखीचा, मऊ. मी कान जुन्या डिस्कला लावला. आत एक टिक झालं. मग काय न्हाई. परत टिक. दादांनी डोळे मिटले. आणि मग डेपोत सकाळची पहिली गाडी गरम व्हताना जसा आवाज करती तसा एक लांबलचक हुंकार आला, आणि ती फिराय लागली.

तीन दिवे हिरवे. चौथा नारंगी, मिचमिचणारा. स्क्रीन उघडली तर शिकवणी काल जिथं थांबली हुती तिथनंच पुढं चाललेली. मी टीं टीं टीं असा सर्व्हरचाच आवाज काढत स्टुडिओभर फिरलो.

आबा दिव्याकडं बोट करून म्हणले, "हे लाल-पिवळं काय? आजारी हाय का?"

"न्हाई आबा. शिकतंय."

"पूजा झाली की शिकतंयच," म्हणले, आणि वहिनींकडं चहा मागितला.

ते पोरगं शिकलं. मग जुनी डिस्क काढून कऱ्हाडची बसवली, ती पण शिकली. शेवटी मी सर्व्हरला सांगितलं, आता हातपाय पसर. लाल पट्टी बघता बघता निळी झाली आणि निम्मी रिकामी. दादा लय येळ त्या रिकाम्या पट्टीकडं बघत बसले. म्हणले, "एवढ्या जागंत तालुका बसंल." चारी जुन्या डिस्का आबांनी देवघराखालच्या फडताळात ठिवल्या. आणि आबांनी एक नवा नियम काढला. दादांचा फोन आला की आबा आधी इचारत्यात, "तू ल्हान असताना कुणाच्या विहिरीत पडला हुतास?" दादांना ते बाजारात चारचौघांत मोठ्यानं सांगावं लागतंय. वहिनी म्हणत्यात, आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, विहिरीचं मला आत्ता कळलं.

दिवाळीच्या आदल्या रात्रीपतोर एडिट करून पेन ड्राइव्ह खिशात घातला.

दिवाळसणाला घर भरलं. ताई, दाजी, सासू, सासरे. करंज्या, चकल्या झाल्या. तात्या नवा सदरा घालून कोपऱ्यातल्या खुर्चीत, सासऱ्यांच्या शेजारी. मी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. हळद झाली, अक्षता झाल्या. ताईनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. वरात आली.

पडद्यावर तात्यांनी टोपी नीट केली.

हात वर गेला, कंबर हालली, टेम्पो उलटा निघाला, बायका पळाल्या. ताईच्या सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. दाजी चकलीकडं बघत बसले, खांदे मात्र गदागदा हलत हुते. टेम्पो पार कोपऱ्याला जाऊन थांबला, रस्ता मोकळा झाला, आणि मोकळ्या रस्त्यात तात्या एकटेच, येऊ दे, येऊ दे.

ताई म्हणली, "तात्या, एसटी कुठं दिसंना ह्यात."

तात्या पडद्याकडं बघत हुते. चेहरा डेपोतलाच. सासऱ्यांनी तेंच्या गुडघ्यावर हात ठिवला. "पाव्हणं, मी त्या ड्रायव्हरला उगंच शिव्या दिल्या की ओ."

तात्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता टीव्ही बंद करा म्हणणार.

"जरा मागं घे," ते म्हणले.

मी रिमोट दाबला. पडद्यावर बायका उलट्या पळाल्या, टेम्पो पुढं आला.

"आणखी मागं. आणखी." खुर्चीत बसल्या बसल्या तात्यांचा उजवा हात वर गेला हुता. तेंचं तेंना कळलं नव्हतं. नजर पडद्यावर, आणि हात आपला चाललेला, येऊ दे, येऊ दे. पहिल्यांदा ताईला दिसलं, मग सासूबाईंना, मग सगळ्या खोलीला.

पडद्यावरचे तात्या टोपीला हात लावायच्या जागंवर आले, तसा खुर्चीतल्या तात्यांचा पंजा ताठ झाला.

"बास," ते म्हणले. "हितनं लाव."